हँडहेल्ड जीपीएसवर उपग्रहचित्र: हरिश्चंद्रगडाचा पट्टा घेऊन, पायरीपायरीने

हँडहेल्ड जीपीएसवर उपग्रहचित्र घालायला बसलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. डाउनलोड संपता संपत नाही. संपलंच तर यंत्रावर चित्र धूसर दिसतं, नाहीतर दिसतच नाही. शुक्रवारी रात्री गाडी निघायची असते आणि हा खेळ गुरुवारी रात्री सुरू झालेला असतो, त्यामुळे शेवटी चित्राशिवायच गडाकडे जावं लागतं.

दोष इंटरनेटला दिला जातो, पण अडचण बहुतेक वेळा मागणीत असते. आपण यंत्राकडे अहिल्यानगर, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांचा अख्खा घाटमाथा सगळ्यात बारीक तपशिलात मागतो. यंत्राला ते पेलत नाही आणि आपल्यालाही त्याची गरज नसते. किती किलोमीटरचा तुकडा आणि एका पिक्सेलमागे किती मीटर, हे दोन आकडे आधी कागदावर लिहिले, तर पुढचं काम एका संध्याकाळचं आहे. उदाहरणासाठी मी हरिश्चंद्रगडाचा पट्टा घेतो, कारण पाचनई, खिरेश्वर आणि बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट या तिन्ही बाजू आपल्या ट्रेकर मंडळींच्या ओळखीच्या आहेत.

हा लेख गार्मिनच्या हँडहेल्डसाठी आहे.

यंत्र काय पेलतं

सगळ्या हँडहेल्डवर चित्र चालत नाही. ईट्रेक्स 10 आणि फोरट्रेक्सवर नकाशाच चढत नाही, तिथे खटपट करू नका. ईट्रेक्स 20 आणि 30, त्यांची नंतरची 22एक्स आणि 32एक्स ही भावंडं, जीपीएसमॅप 62, 64 आणि 66, ओरेगॉन, मोंटाना या सगळ्यांवर चित्र चढतं, आणि ते दोन तऱ्हांनी चढवता येतं. एक, कंपनीची बर्ड्‌सआय ही उपग्रहचित्रांची सेवा, जिथे ती मिळते तिथे. दोन, आपण स्वतः बनवलेला ‘कस्टम मॅप’, म्हणजे जेपीजी चित्रं आणि त्यांचे अक्षांश-रेखांश एकत्र बांधलेली केएमझेड फाइल.

परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. मॉडेलच्या नावात 66आय, 67आय असा ‘आय’ असेल, तर त्यात इनरीच हा उपग्रह संदेशवाहक असतो. भारतात असं यंत्र परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. 2024 मध्ये गोव्यात विमानतळावर अशा यंत्रामुळे एका परदेशी प्रवाशावर कारवाई झाली होती. जागा दाखवणाऱ्या साध्या जीपीएसला ही आडकाठी नाही. मागवताना ‘आय’ नसलेलंच मॉडेल सांगा.

मेमरी कार्ड शक्यतो 32 जीबीपर्यंतचं घ्या आणि ते फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट करा. 64 जीबीची कार्डं बाजारातून एक्सफॅट होऊन येतात आणि पुष्कळ हँडहेल्ड ती वाचत नाहीत. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, हेही ध्यानात असू द्या. चित्राचं प्रचंड डाउनलोड अगदी शेवटाला येऊन फसतं, त्यामागे कधीकधी हीच भिंत असते.

कंपनीचं डाउनलोड कुठे रखडतं

66 मालिकेपासून बर्ड्‌सआय चित्र थेट वाय-फायवरून यंत्रात उतरवता येतं, संगणक लागत नाही. सोय चांगली आहे, पण तिच्या तीन खोडी आहेत.

पहिली म्हणजे या यंत्रांचं वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतं. घरचा राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्‌झवर असेल, तर यंत्राला तो दिसणारच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 2.4 निवडा. आयफोनमध्ये ‘मॅक्झिमाइझ कंपॅटिबिलिटी’ या नावाचं बटण असतं, ते चालू करा.

दुसरी खोड लॉगिनची. हॉटेल, रेल्वे स्थानक किंवा धर्मशाळेचं वाय-फाय जोडलं की ब्राउझरमध्ये फोन नंबर आणि ओटीपी टाकावा लागतो. हँडहेल्डमध्ये ब्राउझर नसतो. जोडणी झाल्यासारखी दिसते आणि डाउनलोड शून्यावर बसून राहतं. तिथे तास घालवू नका, फोनच्या हॉटस्पॉटवर या.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे तपशिलाची पातळी. एका पिक्सेलची बाजू निम्मी केली की पिक्सेल चौपट होतात. सर्वोच्च पातळी आणि मोठी चौकट एकत्र निवडली, की रात्रभराची बेगमी झाली. त्यापेक्षा गाभ्याची जागा छोट्या चौकटीत वरच्या पातळीवर घ्या आणि बाकीचा परिसर साध्या पातळीवर. डाउनलोड चालू असताना यंत्र बॅटरीवर ठेवू नका. केबल जोडा आणि स्क्रीन मिटल्यावर यंत्र आपोआप बंद होत नाही ना, ते सेटिंगमध्ये पाहून घ्या.

जुन्या यंत्रांसाठी हे काम संगणकावरच्या बेसकॅम्प या गार्मिनच्या प्रोग्राममधून होत आलं. त्यात उतरवलेलं चित्र ठरावीक यंत्राला बांधलेलं असतं, यंत्र बदललं की पुन्हा मागावं लागतं. तुमच्याकडे अशी जुनी चित्रं असतील तर ती जपून ठेवा, पण आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी या वाटेला जा असं सांगणार नाही. स्वतःचा कस्टम मॅप बनवा. तो फुकट आहे, कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाही, आणि चित्र कोणत्या महिन्याचं हे तुम्ही ठरवता. सह्याद्रीत या शेवटच्या गोष्टीला फार किंमत आहे.

पिक्सेलचा हिशेब

कस्टम मॅपच्या एका टाइलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका चौकोनी तुकड्यात, 1,024 गुणिले 1,024, म्हणजे सुमारे दहा लाख पिक्सेल मावतात. चित्र त्याहून मोठं दिलं तर यंत्र ते नाकारत नाही, आक्रसून घेतं. ‘संगणकावर लख्ख दिसतं आणि यंत्रावर धूसर’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. टाइलच्या संख्येलाही मर्यादा आहे: जुन्या मॉडेलांवर 100, तर मोंटाना, ओरेगॉन 600 आणि जीपीएसमॅप 64 यांच्यावर 500.

आता आपली चौकट धरू: उत्तर अक्षांश 19.33 ते 19.46 आणि पूर्व रेखांश 73.70 ते 73.86. यात गड, तिन्ही गावं आणि माळशेज घाट येतो. उंची सुमारे 14.4 किलोमीटर, रुंदी सुमारे 16.8. पिक्सेलला 10 मीटर धरले तर अख्खी चौकट चार टाइलमध्ये बसते. 2 मीटर धरले तर 72 टाइल लागतात, जुन्या यंत्रालाही चालतील. 1 मीटर धरले तर 255, म्हणजे ईट्रेक्स 30 वर आशाच सोडा. अर्धा मीटर धरला तर साडेनऊशेच्या वर टाइल होतात आणि 500 ची मर्यादाही मोडते.

शिवाय स्क्रीन बघा. जीपीएसमॅप 64 चा पडदा 160 गुणिले 240 पिक्सेलचा आहे. अर्ध्या मीटरचं चित्र पूर्ण तपशिलात पाहायचं म्हटलं तर एका वेळी 80 गुणिले 120 मीटरचा तुकडा दिसेल. एवढ्यात आजूबाजूची सोंड कुठली आणि घळ कुठली हे कळत नाही. 10 मीटरच्या चित्रात त्याच पडद्यावर दीड किलोमीटर रुंद आणि अडीच किलोमीटर लांब मुलूख येतो. रान कुठे संपतं, पठार कुठे सुरू होतं, धरणाचं पाणी कोणत्या हाताला आहे, हे चालताना लागणारं ज्ञान त्यात आहे. पायवाट मात्र त्यात दिसणार नाही. ती ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या नकाशातून किंवा आधी गेलेल्यांच्या ट्रॅकमधून घ्यायची.

चित्र कोणत्या महिन्याचं

10 मीटरचं चित्र देतात युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह. पहिला 2015 मध्ये गेला, दुसरा 2017 मध्ये, तिसरा 2024 मध्ये, आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. चित्रं सर्वांसाठी मोफत आहेत आणि ‘कोपर्निकस ब्राउझर’ या संकेतस्थळावर मिळतात.

जून ते सप्टेंबरची चित्रं सोडूनच द्या, ढगांखाली काही सापडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र डोळ्याला सुंदर दिसतं, पण गवत आणि झाडी दोन्ही हिरवी असल्यानं पठार आणि जंगल एकमेकांत मिसळतं. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते, म्हणून बहुतेक जण तीच तारीख उचलतात. हरिश्चंद्रगडासाठी ती गैरसोयीची आहे. सेंटिनेल-2 आपल्या भागावरून सकाळी 11 च्या सुमारास जातो. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, म्हणजे कडा, त्याचा पायथा आणि नळीच्या वाटेची घळ या साऱ्यांवर नेमकी सावली पडते. चित्रात तिथे काळा पट्टा येतो आणि आपल्याला हवा तोच भाग हरवतो.

फेब्रुवारी अखेर ते मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. सूर्य वर आलेला असतो, सावली आखडते, गवत वाळून पिवळं पडतं आणि सदाहरित रानाचे पट्टे गडद होऊन उठून दिसतात. एप्रिल-मेमध्ये हवेत धुरकटपणा येतो आणि वणव्यांचे काळे डाग दिशाभूल करतात.

पाण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर त्याच तारखेचं निकट-अवरक्त पट्टा वापरलेलं चित्रही पाहा. ब्राउझरमध्ये ते ‘फॉल्स कलर’ नावानं आहे. त्यात झाडोरा लाल आणि पाणी काळं दिसतं. पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी ठळक दिसेल, एखादा पाझर तलाव भरलेला आहे की आटला तेही कळेल. गडावरची टाकी आणि पुष्करणी मात्र 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसत नाहीत. त्यांच्या पाण्याची चौकशी गावातच करावी.

आता बनवायला घ्या

1. कोपर्निकस ब्राउझरवर मोफत खातं उघडा. सेंटिनेल-2 मधला ‘एल2ए’ प्रकार निवडा, त्यात वातावरणाचा धूसरपणा काढून टाकलेला असतो. ढगांची मर्यादा 10 टक्क्यांच्या आत आणा आणि तारखा चाळा. टक्केवारी संपूर्ण दृश्याची असते, म्हणून गडावरच नेमका ढग बसलेला नाही ना, हे डोळ्यांनी पाहा.

2. गूगल अर्थ प्रोमध्ये आपल्या चौकटीचे चार समान आयत आखा. मधली आडवी रेघ 19.395 वर आणि उभी 73.78 वर येते. शेजारचे आयत किंचित एकमेकांवर चढू द्या, नाहीतर जोडावर पांढरी फट दिसते. प्रत्येक आयत केएमएल म्हणून साठवा आणि ब्राउझरमध्ये क्षेत्र म्हणून चढवा.

3. दृश्य ‘ट्रू कलर’ ठेवा. डाउनलोड करण्याआधी उजळपणा वाढवा. हँडहेल्डचा पडदा बाहेरच्या उजेडावर वाचला जातो, संगणकावर ठीक वाटणारं चित्र रानात काळपट दिसतं. संगणकावर थोडं भडक वाटेल इतकं उजळ करा.

4. डाउनलोडमध्ये ‘अॅनॅलिटिकल’ भाग उघडा. कोऑर्डिनेट पद्धत डब्ल्यूजीएस 84 घ्या, यूटीएम किंवा वेब मर्केटर नको. गार्मिन चित्र सरळ अक्षांश-रेखांशाच्या चौकटीत ताणून बसवतं, त्यामुळे दुसरी पद्धत घेतली की चित्र जमिनीपासून सरकतं. फाइलचा प्रकार केएमझेड-जेपीजी. रुंदी आणि उंचीचे पिक्सेल तिथे दिसतात. आपल्या आयताला ते साधारण 840 आणि 720 असावेत, 1,024 च्या वर जाऊ देऊ नका.

5. आलेली केएमझेड गूगल अर्थ प्रोमध्ये उघडा. चित्रावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. ‘ड्रॉ ऑर्डर’ नावाचा आकडा असतो. 50 किंवा जास्त दिला तर चित्र बाकी नकाशाच्या वर येतं. 50 च्या खाली दिला तर चित्र खाली जातं आणि समोच्च रेषा, ट्रॅक, गावांची नावं त्यावर उमटतात. मला खालचाच पर्याय आवडतो, मात्र वरचा नकाशा पारदर्शक प्रकारचा हवा. रंग भरलेला अपारदर्शक नकाशा असेल तर तो चित्र पूर्ण झाकून टाकतो. अशा वेळी 50 द्या आणि नकाशा गरजेप्रमाणे चालू-बंद करा.

6. पुन्हा केएमझेड म्हणून साठवा. नाव रोमन अक्षरांत, छोटं आणि मोकळी जागा न ठेवता द्या, कारण देवनागरी नावाच्या जागी यंत्रावर चौकोन उमटू शकतात. खात्री करायची तर फाइलची प्रत काढून तिचं शेपूट झिप करा आणि आत पाहा. चित्र जेपीजीच असलं पाहिजे. पीएनजी यंत्र दाखवत नाही, आणि वेबसाठी वापरला जाणारा ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपीजीही चालत नाही.

7. कार्डावर ‘गार्मिन’ हे फोल्डर आणि त्यात ‘कस्टममॅप्स’ हे फोल्डर रोमन अक्षरांत (Garmin, CustomMaps), मध्ये जागा न सोडता बनवा. चारही फाइली तिथे टाका. जुन्या यंत्रांचं यूएसबी फार संथ असतं, म्हणून कार्ड काढून कार्ड-रीडरमधून कॉपी करणं केव्हाही बरं. काढताना संगणकाला ‘इजेक्ट’ सांगा. अर्धवट लिहिलेली फाइल यंत्राला चालू होतानाच अडकवते.

8. यंत्रात मॅप सेटअपमध्ये जाऊन ‘कस्टम मॅप्स’ चालू करा. ही निवड प्रोफाइलगणिक वेगळी असते. ‘हायकिंग’मध्ये चालू केलेलं ‘रिक्रिएशनल’मध्ये बंदच असू शकतं.

याहून बारीक, एक-दोन मीटरचं चित्र तुमच्याकडे कायदेशीर मार्गानं आलेलं असेल, तर हाताने टाइल कापत बसू नका. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रोग्राममध्ये ‘गार्मिनकस्टममॅप’ नावाचं प्लगइन आहे, ते समोरच्या दृश्याच्या टाइल पाडून एकच केएमझेड देतं. गूगलच्या नकाशातून शेकडो टाइल खरवडून काढणारी साधनं सर्रास फिरतात. ते त्यांच्या अटींत बसत नाही, म्हणून मी ती सुचवत नाही.

दिसत नसेल तर

आधी झूम करून आत या. बऱ्याच दूरच्या झूमवर यंत्र चित्र काढतच नाही, त्यामुळे निम्मे लोक फाइल बरोबर असूनही ती पुन्हा बनवत बसतात. मग प्रोफाइल तपासा, मग फोल्डरचं नाव, मग जेपीजी. चारपैकी एकच तुकडा दिसत नसेल तर तेवढीच फाइल पुन्हा बनवा.

टाइल जास्त झाल्याचा इशारा आला तर मागच्या ट्रेकचे नकाशे फोल्डरमधून बाहेर काढा. मर्यादा फाइलींची नसते, सगळ्या फाइलींतल्या एकूण टाइलची असते. यंत्र सुरू होताना लोगोवरच अडकलं तर बॅटऱ्या काढा, कार्ड काढा, कार्डाविना सुरू करा. सुरू झालं तर दोष कार्डावरच्या एखाद्या फाइलमध्ये आहे. एकेक फाइल परत टाकत गेलं की ती सापडते. याच कारणासाठी मी चित्रं यंत्राच्या अंतर्गत मेमरीत न टाकता कार्डावर टाकतो.

संगणकाला यंत्र दिसतच नसेल तर आधी केबल बदला. फोन चार्जरबरोबर आलेल्या पुष्कळ केबलींत डेटाच्या तारा नसतात. वर दिलेल्या ईट्रेक्सना आणि 64 ला मिनी-यूएसबी लागते, 66 ला मायक्रो, 67 ला टाइप-सी. मॅक वापरणाऱ्यांना नवीन यंत्रांच्या एमटीपी या फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीमुळे यंत्र थेट दिसत नाही, तिथेही कार्ड-रीडरनं काम भागतं.

कड्यापाशी

निघण्याआधी घरीच चित्र तपासा. देवळाचा आणि खिरेश्वरच्या रस्त्याचा वेपॉइंट, म्हणजे जागेची खूण, टाका आणि चित्रात ते बरोबर जागी पडतात का बघा. सेंटिनेलचं चित्र एक-दीड पिक्सेल इकडे-तिकडे असू शकतं, म्हणजे दहा-पंधरा मीटर. पठारावर त्यानं काही बिघडत नाही.

कड्यावर बिघडतं. उपग्रह जेव्हा तिरक्या कोनातून टिपतो, तेव्हा उंच भाग चित्रात बाजूला सरकतो. ही चूक दुरुस्त करताना उंचीचं जे मॉडेल वापरतात, त्यात कोकणकड्यासारखा तुटलेला कडा नीट उतरत नाही. बारीक तपशिलाच्या चित्रात हा धोका जास्त फसवा, कारण कडेचा दगडन् दगड दिसतो आणि ती कडा प्रत्यक्षात दुसरीकडे असते. त्यात यंत्राची स्वतःची काही मीटरांची चूक मिळवा, घळीत उपग्रहांचे संकेत खडकावरून परावर्तित होऊन येतात ते धरा. धुक्यात, काळोखात किंवा पावसात बाण चित्रातल्या कड्यापासून वीस मीटर आत दिसतो म्हणून पुढे पाऊल टाकू नका. कडा कुठे संपतो हे डोळ्यांनी दिसत नसेल तर थांबा, बसा, धुकं विरळ होऊ द्या.

चित्र चालू ठेवल्यानं पडदा सावकाश हलतो आणि बॅटरी जास्त लागते. सरळ वाटेवर चित्र बंद ठेवा, फाटा आला की चालू करा. यंत्र एए बॅटऱ्यांवर चालत असेल तर राखीव संच प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाच.

आणि बनवलेल्या फाइली ग्रुपमध्ये वाटा. सेंटिनेलची चित्रं पुढे द्यायला मुभा आहे, फक्त ‘कोपर्निकस सेंटिनेल डेटा’ असा उल्लेख आणि वर्ष सोबत लिहावं. त्याच केएमझेड फाइली संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये उघडतात, त्यामुळे हँडहेल्ड नसलेल्यांनाही आदल्या दिवशी वाट समजावून घेता येते. फाइलच्या नावात चित्राचा महिना आणि वर्ष घाला. दोन वर्षांनी गावाजवळ नवा रस्ता झालेला असतो आणि पुढच्या माणसाला चित्र किती जुनं आहे हे उघडण्याआधीच कळायला हवं.